खाता येत नाही तर हॉटेलात कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

वजन उतरवण्यासाठी पोट लहान करण्याच्या ऑपरेशननंतर हॉटेलात कसं जेवावं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. नाव लिहिलेलं नाहीत, पण कोल्हापूरकडे हमरस्त्यालगत तुमचं घरगुती जेवणाचं हॉटेल आहे आणि वडिलांपासून हाच धंदा आहे, एवढं त्यात आहे. म्हणून दादा म्हणते. चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळं लिहितेय.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. पोट लहान करून घेणं हा वजन उतरवायचा शॉर्टकट आहे. भरलं ताट मागवून चार घासांत उठणं ही अन्नाची नासाडी आहे आणि तुमच्याकडे पानात टाकलेलं खपत नाही. हाफ प्लेट द्या, साखर घातलीय का सांगा, असल्या मागण्या करण्यापेक्षा माणसाने घरी जेवावं. शिवाय पेशंटला हॉटेलची वाट दाखवणं धोक्याचं आहे. आणि शेवटी विचारलंत, ‘आमच्या थाळीत तुम्ही खाणार तरी काय?’

पानात टाकण्यापासून सुरू करते, कारण तुमचा खरा राग तिथे आहे आणि तो मला पूर्ण पटतो. मीही तशाच घरात वाढले. ताटातलं शेवटचं शीत टिपल्याशिवाय आजी उठू द्यायची नाही. ऑपरेशननंतर गोड सोडणं मला त्या मानाने सोपं गेलं, पण ताटात चार घास दिसत असताना हात थांबवणं फार जड गेलं. माझा गॅस्ट्रिक बायपास झालाय. त्यात जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करतात, म्हणजे पोह्याचे दोन मोठे चमचे भरतील एवढी, आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. पुढे ती थोडी सैलावते. वर्ष-दोन वर्षांनी एका वेळी वाटीभर, फार तर दीड वाटी जेवण जातं. पण ती भरली की भरली. पूर्वी पोट भरल्यावरही ‘एवढं संपवून टाकते’ म्हणून दोन घास रेटता यायचे, तशी जागाच आता उरलेली नाही.

तो टप्पा आला की माझं नाक वाहायला लागतं. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, कुणाला छातीच्या मधल्या हाडामागे दाब जाणवतो. तिथे थांबलं नाही, तर तोंडात चिकट लाळ साठत जाते, ती गिळता येत नाही, तिचा फेस होतो. मग रुमाल तोंडाला लावून बेसिन गाठायचं. जे वर येतं त्याला आंबट वासही नसतो, घास गेला तसा परत येतो. एका घासासाठी हे सगळं. त्यामुळे पान स्वच्छ करायचा संस्कार आम्हाला दुसऱ्या टोकाने पाळावा लागतो, म्हणजे मुळात कमी वाढून घ्यायचं. घरी ते जमतं, कारण डाव माझ्या हातात असतो. हॉटेलात वाढणारे तुम्ही. हाफ प्लेट मागते ती एवढ्यासाठीच, अन्न वाया जाऊ नये म्हणून. इथे तुम्ही आणि मी एकाच बाजूला आहोत दादा.

हाफ प्लेट ही काही आमची नवीन मागणी नाही. बिर्याणी हाफ मिळते, तंदुरी हाफ मिळते, सूप वन-बाय-टू सांगितलं तर वेटर पुन्हा वर बघतही नाही. अडतं ते थाळीपाशी. पोटभर थाळीत शेअरिंग का बंद असतं ते मला समजतं, एकाच्या पैशात दोघं जेवून जातात. मग माझ्याकडून अख्ख्या थाळीचे पैसे घ्या. खुर्ची मी अडवलेली असते, भाड्याचे, गॅसचे, माणसांचे पैसे तुम्हाला सुटायलाच हवेत. फक्त माझ्या ताटातलं उरलेलं नवऱ्याला खाऊ द्या, नाहीतर डब्यात भरून द्या. एका थाळीच्या हॉटेलात मॅनेजरने आम्हाला दोन्हीला नाही म्हटलं. दोन थाळ्यांचे पैसे दिले होते, तरी माझ्या ताटातल्या तीन वाट्या हातही न लागता आमच्या डोळ्यांदेखत बादलीत रिकाम्या झाल्या. ती नासाडी मी केलेली नव्हती, त्या नियमाने केली.

आणि तो आग्रह! आपल्याकडे वाढपी चांगला कोण, तर ‘बास’ म्हटल्यावरही अर्धा डाव घालणारा. त्यात माया असते, मला कळतं. पण ताटावर हात आडवा धरलेल्या माणसाला वाढू नये, एवढं तुमच्या पोरांना सांगितलंत तर मधुमेहवाले, किडनीवाले, पथ्यावर असलेले कितीतरी लोक तुमच्याकडे निवांत जेवतील.

आता साखरेचं. ‘साखर आहे का’ हे आम्ही नखऱ्याने विचारत नाही. जठरातून अन्न हळूहळू पुढे सोडणारी झडप बायपासमध्ये वाटेतून वगळली जाते. मग गोड पदार्थ एकदम लहान आतड्यात उतरतो, आतडं त्याच्यामागे शरीरातलं पाणी ओढून घेतं आणि अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात मुरडा, जुलाब. याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी उलटाच प्रकार होतो, रक्तातली साखर घसरून हातपाय कापायला लागतात. श्रीखंड, जिलबी समोर दिसतात, त्यांना हात लावायचा नाही हे ठरवता येतं. फसवतात त्या न दिसणाऱ्या जागा: पनीरच्या लाल ग्रेव्हीतली साखर, आमटीतला गूळ, कोशिंबिरीवर भुरभुरलेली चमचाभर. वेटर घाईत ‘नाही मॅडम’ म्हणून जातो. आचाऱ्याला माहीत असतं. वेगळं शिजवा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. आत एकदा विचारून खरं सांगा, एवढंच. ‘आहे’ म्हणालात तर मी दुसरं काही मागवीन.

‘घरी जेवावं’ हे वाक्य मात्र मला लागलं. ऑपरेशन झालेल्या किती जणांनी ते स्वतःलाच बजावलंय, हे मी आमच्या गटात बघते. लग्नाला जातात आणि अक्षता टाकून परततात. ऑफिसची पार्टी असली की नेमकं त्या दिवशी डोकं दुखतं. एक ताई मुलाच्या वाढदिवसाला टेबलावर रिकामी बशी घेऊन बसल्या, कारण बशीत काही घेऊन टाकलं तर सासरचे बोलतील. हे पथ्य आयुष्यभराचं आहे, महिन्या-दोन महिन्यांचं नाही. तेवढा काळ माणसाला चारचौघांच्या पंगतीतून उठवून ठेवायचं, हा उपाय मला मान्य नाही.

शिवाय तुम्हाला खरं वाटणार नाही, पण कधी कधी माझं पथ्य घरापेक्षा हॉटेलात चांगलं पाळलं जातं. आम्हाला दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला लागतं, तेही इवल्या इवल्या जेवणांतून. आपलं घरचं जेवण म्हणजे पोळी, भाजी, भात. वाटीभर घट्ट वरणातून ६-७ ग्रॅम मिळतं, एका अंड्यातून ६, शंभर ग्रॅम पनीरमधून १८च्या आसपास. आमच्या घरी सोमवार-गुरुवार पाळतात आणि इतर दिवशीही अंड्याचं पातेलं वेगळं. हॉटेलात मात्र मला नुसती अंडाबुर्जी किंवा नुसती पनीर बुर्जी मागवून, पोळीला न शिवता, चमच्याने खाता येते. घरी तसं खाल्लं तर चार प्रश्न येतात.

आता काय मानवतं आणि काय नाही, हे थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. लोकांना वाटतं तिखट बाधत असेल. निदान मला तरी तिखटापेक्षा पदार्थाचा पोत आडवा येतो. पाव, नान, मऊ लुसलुशीत रोटी यांचा ओल लागली की गोळा होतो आणि तो पिशवीच्या तोंडाशी बसतो. मिसळ मी खाते, मटकी गाळून घेऊन, पाव बाजूला ठेवून. भात चिकटून बसतो आणि मागून फुगतो. चिकनचा छातीचा तुकडा, त्यातही सकाळचा दुपारी परत गरम केलेला, दोऱ्यासारखा सुटतो आणि कितीही चावला तरी अडकतो. तंगडीचं मांस बरं. खिमा त्याहून बरा. रश्श्यातला मासा उत्तम, तळलेल्याचं कडक आवरण काढावं लागतं. यातलं एकाला मानवेल ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही, आणि ज्यांची स्लीव्ह झालीय, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी ठेवलीय, त्यांचं गणित आणखी वेगळं. पण घास करंगळीच्या नखाएवढा, तोंडात त्याचं पीठ होईपर्यंत चावायचा, पुढच्या घासाआधी चमचा खाली ठेवायचा, हे सगळ्यांना लागू. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. सोडा, कोल्ड्रिंक नाहीच. पहिले तीन घास सर्वांत धोक्याचे, कारण तेव्हा भूक आणि गप्पा दोन्ही जोरात असतात. अशा जेवणाला अर्धा तास लागतो. गर्दीच्या वेळी टेबल अडतं हे मला दिसतं, म्हणून मी बारा-साडेबाराला किंवा अडीचनंतर जाते.

धोक्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते गंभीर आहे आणि त्यावर मला काहीही सैल बोलायचं नाही. सुरुवातीचे आठवडे पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, या पायऱ्या असतात, आणि आपल्या आहारतज्ज्ञांनी घट्ट जेवणाला हो म्हटल्याशिवाय हॉटेलची पायरी चढायची नाही. कधीतरी एखादा घास अडकणं वेगळं. रोज उलटी होत असेल, पाणीसुद्धा ठरत नसेल, पोटात जोराची कळ येत असेल, तर ‘काल बाहेरचं खाल्लं म्हणून झालं असेल’ असं म्हणत बसू नका, त्याच दिवशी सर्जनना फोन करा. सतत उलट्या झाल्या की शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, काही आठवड्यांत संपू शकतं आणि त्याचा परिणाम मेंदूवर, नसांवर होतो. हा धोका घरात बसूनही तेवढाच असतो.

शॉर्टकटबद्दल थोडक्यात. ऑपरेशनमुळे पिशवी लहान होते तशी पोटातली हार्मोन्सही बदलतात. भूक चेतवणारं घ्रेलिन बहुतांशी जठराच्या ज्या भागात तयार होतं, तो भाग स्लीव्हमध्ये काढून टाकतात आणि बायपासमध्ये अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. कितीतरी मधुमेहींची साखर बायपासनंतर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात वजन उतरवायची निरनिराळी ऑपरेशनं झालेले २,०१० आणि न झालेले २,०३७ लठ्ठ लोक घेतले होते. ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. त्याची किंमतही असते: बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर, दर वर्षी रक्ताच्या तपासण्या, आणि दुर्लक्ष केलं तर वजन परत. हा रस्ता जवळचा वाटत असेल, तर एकदा माझ्याबरोबर अर्धा तास जेवायला बसा. हे मी मनापासून म्हणतेय.

आता तुमची थाळी. कोल्हापूरकडची मटणथाळी म्हणजे सुकं मटण, तांबडा, पांढरा, खिमा, अंडं, भाकरी, भात, दहीकांदा, असं धरून चालते. मी आधी खिम्याच्या वाटीला हात घालीन, कारण तो मऊ आणि त्यात प्रोटीन भरपूर. मग अंड्याचा पांढरा भाग. सुक्यातला एखादा हाडालगतचा, बोटाने सुटणारा तुकडा. तांबडा-पांढरा मला वाटी तोंडाला लावून पिता येत नाही. पातळ पदार्थ जेवणाबरोबर घेतला की पिशवीतलं सगळं पुढे सरकतं. म्हणून चमचाभर तांबडा खिम्यावर, आणि पांढऱ्याचा एक चमचा चवीला, त्यात नारळाचं दूध असतं म्हणून एकच. भाकरी मला चपातीपेक्षा बरी पडते, पापुद्र्याचा कडेचा तुकडा तांबड्यात भिजवून. भात ताटात वाढूच नका. अळणी मटण असेल तर नवीन ऑपरेशन झालेल्याला तेच द्या. तुमच्याकडे लहान पोरांना देत असालच, फक्त तुकडे चमच्याने मोडून द्या.

बिल अख्ख्या थाळीचं करा आणि उरलेलं सुकं मटण, भाकरी डब्यात भरून द्या, आमच्याकडे ते संध्याकाळी संपतं. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला येणं आहे. हॉटेल नेमकं कुठे ते कळवा, म्हणजे सोमवार-गुरुवार सोडून, अडीचच्या सुमाराला येते.