वासबर्गचा एक शतांश: फॉरवर्डमधलं खरं किती?

हिवाळी ऑलिंपिक जवळ आलं की एक प्रेरणादायी मजकूर हमखास फिरायला लागतो. थोडक्यात असा: १९८० साली अमेरिकेत लेक प्लॅसिडला १५ किलोमीटरच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये स्वीडनचा थॉमस वासबर्ग आणि फिनलंडचा युहा मिएतो खांद्याला खांदा लावून अंतिम रेषेकडे झेपावले. वासबर्गचा पाय आधी पोहोचला, शतांश सेकंदाने सुवर्ण त्याचं झालं. त्या एका क्षणावर त्याचं सगळं नाव उभं आहे आणि मिएतोला जग विसरून गेलं. पुढे आपल्या पी. टी. उषाचा दाखला, आणि शेवटी 'अखेरचा एक टक्का जोर लावा'. त्याखाली कुणी जाणकार पुरवणी जोडतो: आजच्या नियमाने दोघांनाही सुवर्ण मिळालं असतं, म्हणजे वासबर्ग अर्धाच विजेता.

शतांश खरा आहे, तेवढं आधी मान्य करू. वासबर्ग ४१ मिनिटं ५७.६३ सेकंद, मिएतो ४१ मिनिटं ५७.६४.

पण खांद्याला खांदा? ते दोघे त्या शर्यतीत एकमेकांशेजारी नव्हतेच. तेव्हा १५ किलोमीटरला स्पर्धकांना अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने एकेकटं सोडत. सायकलिंगमधली टाइम ट्रायल असते तसंच. मिएतो आधी निघाला, आधी पोहोचला, आणि त्याची वेळ तोवरची सर्वांत चांगली ठरली. मग तो उभा राहून घड्याळाकडे बघत राहिला, कारण वासबर्ग अजून यायचा होता. शेवटच्या काही मीटरात वासबर्ग झेपावला तो घड्याळाविरुद्ध. शेजारी हरवायला कुणी नव्हतं. तिसरा आलेला नॉर्वेचा ऊवे औनली जवळपास ३१ सेकंदांनी मागे होता.

उषाचा दाखला म्हणूनच इथे बसत नाही. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचं कांस्य शतांशानेच हुकलं (५५.४२ विरुद्ध ५५.४१). पण तिथे सगळ्या जणी एकाच गोळीवर सुटलेल्या, एकाच रेषेवर पोहोचलेल्या. फरक छायाचित्रात दिसतो. लेक प्लॅसिडच्या शतांशाचं छायाचित्रच असू शकत नाही. दोन वेगवेगळ्या वेळी सुरू झालेल्या, दोन वेगवेगळ्या वेळी संपलेल्या प्रवासांची ती वजाबाकी आहे. सरासरी वेगाने हिशेब केला तर १५ किलोमीटरमध्ये साधारण सहा सेंटीमीटर. मधल्या वेळात ऊन किंचित वाढलं, वारा वळला, बर्फावरची चाकोरी थोडी घासली, तरी त्याहून मोठा फरक पडतो.

हे लक्षात घेऊनच आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने पुढे क्रॉस-कंट्रीच्या वेळा दशांशापर्यंतच मोजायचं ठरवलं. त्या हिशेबाने दोघांचीही वेळ ५७.६, म्हणजे बरोबरी. पुरवणीकारांचं गणित चुकलेलं नाही. असं घडतंही: २०१८ ला प्याँगचँगमध्ये महिलांच्या १० किलोमीटरला नॉर्वेची मारित ब्योर्गेन आणि फिनलंडची क्रिस्ता पार्माकोस्की या दोघींना कांस्य मिळालं.

'अर्धा विजेता' हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. दोघेही एकाच नियमाखाली निघाले होते. शिवाय दशांशाने सीमारेषा पुसली जात नाही, फक्त सरकते. कुठल्याही पद्धतीने आकडे तोडा, शतांशाचा फरक असलेली एखादी जोडी रेषेच्या अल्याड-पल्याड पडणारच. नंतरच्या नियमाने जुनी पदकं वाटायला बसलो तर कुठे थांबायचं?

आता मुख्य दावा: सगळी कारकीर्द त्या एका क्षणावर. इथे मला खरंच राग येतो, कारण हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. १९७६-७७ च्या मोसमात, म्हणजे लेक प्लॅसिडच्या तीन वर्षं आधी, विश्वचषक अजून अनधिकृत होता तेव्हाच वासबर्ग त्यात पहिला आला होता. १९८२ ला ऑस्लोच्या जागतिक स्पर्धेत ५० किलोमीटरचं सुवर्ण. १९८४ ला सारायेवोत पुन्हा ५० किलोमीटर, आणि या वेळी मागे होता त्याचाच सहकारी गुंडे स्वान, त्या काळातला बहुधा सर्वांत जबरदस्त स्कीपटू. सव्वादोन तासांहून जास्त चाललेली शर्यत वासबर्गने ४.९ सेकंदांनी जिंकली. तिथेच ४ x १० किलोमीटर रिलेचंही सुवर्ण. १९८७ ला ओबर्स्टडॉर्फमध्ये ३० किलोमीटर आणि रिले, १९८८ ला कॅलगरीत पुन्हा रिले. चार ऑलिंपिक सुवर्णं, त्यातलं एक शतांशाचं.

यातही १९८५ च्या आसपासचा काळ महत्त्वाचा. तोवर बहुतेक जण चाकोरीत समांतर स्की ठेवून जात. मग स्केटिंगसारखी तिरकी ढकल देण्याची पद्धत आली आणि खेळच बदलला. अनेकांची सवय मोडता मोडेना. वासबर्ग दोन्हींत टिकला: ओबर्स्टडॉर्फचं ३० किलोमीटर जुन्या शैलीत जिंकलं, कॅलगरीची रिले नव्या शैलीत. प्रत्येक ढकलीबरोबर दोन्ही काठ्या रोवायच्या, या त्याच्या लकबीला फिनलंडमध्ये चक्क 'वासबर्ग' म्हणतात. मिएतोच्या देशात!

माणूस म्हणूनही तो फॉरवर्डमधल्या 'क्षण पकडणाऱ्या' नायकासारखा नव्हता. १९८० च्या यशाबद्दल 'स्वेन्स्का डागब्लादेत' या वर्तमानपत्राचं प्रतिष्ठेचं सुवर्णपदक त्याला जाहीर झालं, तर त्याने ते नाकारलं. आधी जागतिक विजेता झालेल्या स्वेन-ओके लुंडबेकला ते दिलं नव्हतं म्हणून. स्वीकारलं ते २०१३ मध्ये.

राहिला 'विसरलेला' मिएतो. १९७६ च्या इन्सब्रुकमध्ये रिलेचं सुवर्ण त्याच्या नावावर आहे. लेक प्लॅसिडमध्येच ५० किलोमीटरचं रौप्य आणि रिलेचं कांस्यही त्याने घेतलं, आणि त्या मोसमाचा विश्वचषकही त्याचाच. शतांशांशी त्याचं वाकडं मात्र जुनंच: १९७२ ला साप्पोरोत १५ किलोमीटरचं कांस्य सहा शतांशांनी गेलं होतं. आणि जग विसरलं म्हणावं, तर फिनलंडच्या मतदारांनी २००७ मध्ये त्याला संसदेत निवडून दिलं.