खेकड्याचा रस्सा आणि ग्रुपवरचं भांडण

पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय २९ जून २०२५ ला मागे घेतला गेला, तरी आमच्या शाळेच्या सोलापुरी ग्रुपवरचा वाद काही मिटलेला नाही. आता गाडी सक्तीवरून माणसांवर आलीये. मराठी न बोलणाऱ्या दुकानदाराच्या कानाखाली काढावी की नाही, यावरून दोन तट. आणि माझ्यासारख्या कॅलिफोर्नियावाल्याला ठरलेला टोला, "तिकडं गेल्यावर तू इंग्रजी शिकलासच ना बे? मग यांना काय होतंय?"

सक्ती गेली ते बरंच झालं. आलेल्यानं मराठी शिकावी, हेही मान्य. पण परदेशाचा दाखला देताय तर पूर्ण द्या.

इकडं कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला समुद्राला लागून हॉटेलं आहेत. तिथं चॉपिनो मागवायचा. खोलगट भांड्यात टोमॅटो आणि वाइनचा लालभडक रस्सा, त्यात शिंपले, कोळंबी, माशाचे तुकडे, वर डंजनेस खेकड्याच्या नांग्या. त्या फोडायला चिमटा देतात आणि शर्ट वाचवायला गळ्यात कागद बांधतात. उजनीच्या माशांवर वाढलेला माणूस आधी बावचळतो, मग भांडं चाटूनपुसून साफ करतो. सोबत आंबूस पाव असतो. माझं विचाराल तर त्या रश्शाला चुरलेली कडक भाकरीच शोभली असती.

हा पदार्थ सॅन फ्रान्सिस्कोत इटालियन कोळ्यांनी रुजवला. आज कॅलिफोर्निया तो आपला म्हणून मिरवते. पण १९४२ मध्ये, इटलीशी युद्ध सुरू असताना, नागरिकत्व न घेतलेल्या हजारो इटालियनांना किनाऱ्यावरची घरं सोडायला लावली. बेसबॉलचा महान खेळाडू जो डिमॅजिओ, त्याच्या मासेमार वडिलांनाही बंदरावर जायची बंदी होती. 'शत्रूची भाषा बोलू नका' अशी पोस्टरं लागली. निर्बंध त्याच वर्षी उठले, धास्ती राहिली. अनेक घरांत रस्सा टिकला, इटालियन भाषा गेली. असं धाकानं शिकवणं आपल्याला हवंय का?

त्यापेक्षा आपलं गाव बघा की. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात मागावर जी चादर विणली, ती सोलापूरच्या नावानं जगभर गेली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, घरात तेलुगू चालते आणि मराठी व्याकरणात वर्गात पहिला येणारा आमचा दोस्त त्याच गल्लीतला. त्यासाठी कुणी कुणाच्या कानाखाली काढली नव्हती. आणि स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ ला एकत्र फासावर गेलेले सोलापूरचे चौघं कोण? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन.

मराठीची काळजी खोटी नाही. फक्त ती दुकानदारावर काढू नये, शाळेवर खर्च करावी. ग्रुपवर विचारलं, किती जणांची पोरं मराठी माध्यमात आहेत? उत्तर एकच आलं, "तुझी कुठंयत बे?"

माझी रविवारच्या मराठी शाळेत जातात. मधल्या सुट्टीत इंग्रजीतून भांडतात.