बंद पडलेला फ्लो आणि गप्प बसलेला मॅक्रो

गेल्या मंगळवारी सकाळी कॉम्प्युटर उघडला तर पहिलाच मेल: बिल मंजुरीचा फ्लो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी, तिसऱ्या पायरीवर अडकलाय. खाली कारणही दिलेलं, शीटमधला अमुक कॉलम सापडत नाही. कुणीतरी हौसेने कॉलमचं नाव बदललं होतं. मी ते पूर्ववत केलं, अडकलेली सात बिलं पुन्हा चालवली, पंधरा मिनिटांत विषय संपला.

यात पोस्ट लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. पण अशीच एक किरकोळ गडबड मी आधीच्या नोकरीत पाहिली होती आणि तेव्हा ती कळायला दोन महिने लागले होते.

तेव्हा बिलांचं काम एक्सेलच्या मॅक्रोवर, म्हणजे एक्सेलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामवर चालायचं. तो लिहिणारा हुशार होता आणि नोकरी सोडून गेला होता. (मॅक्रो लिहिणारे नेहमी सोडून गेलेलेच असतात.) त्यात वरच एक ओळ होती, 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. व्हीबीएवाले, म्हणजे मॅक्रोच्या भाषेत लिहिणारे, आत्ता हसले असतील. अर्थ असा की चूक झाली तर तिकडे बघू नकोस, पुढची ओळ चालव. ज्या बिलांची तारीख मजकूर म्हणून टाइप झाली होती, ती बिलं मॅक्रो मुकाट्याने गाळत होता. शेवटी 'काम पूर्ण झाले' अशी चौकट यायची आणि आम्ही ओके दाबायचो. एका पुरवठादाराने फोन करून चांगलंच सुनावलं, तेव्हा पत्ता लागला.

त्यामुळे ऑटोमेशनमध्ये हल्ली काय सुधारलं असं कुणी विचारलं की मी एआयचं नाव आधी घेत नाही. मी म्हणते, फ्लो चालवणारी सॉफ्टवेअर आता बोंब मारायला शिकली. प्रत्येक फेरीची नोंद राहते, कुठल्या पायरीत काय आत गेलं आणि काय बाहेर आलं ते उघडून बघता येतं. समोरची सेवा घटकाभर बंद असेल तर थोडं थांबून परत प्रयत्न होतो, तोही दर वेळी थांबायचा वेळ वाढवत. अर्थात या परत प्रयत्नातही गोम आहे. पैसे गेले, पण 'गेले' हा निरोपच परत आला नाही, तर दुसऱ्यांदा जातील. म्हणून प्रत्येक विनंतीला स्वतःचा एक क्रमांक लावायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर समोरच्याने ती विनंती सोडून द्यायची. पेमेंटच्या एपीआयमध्ये (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायच्या दारात) ही सोय बहुधा असते. आपल्या शीटमध्ये ओळ भरताना मात्र ती आपणच करावी लागते, आणि नेमकी तिथेच राहून जाते.

मध्ये आरपीएचा, म्हणजे रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशनचा काळ येऊन गेला. स्क्रीनवरचं बटण शोधून माणसासारखं क्लिक करणारे बॉट. बटण जरा सरकलं की बॉट आंधळा. पण एपीआय नसलेल्या जुन्या सॉफ्टवेअरला दुसरा इलाज तरी काय होता? 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप हे असे बॉट बनवायचं साधन विंडोज 10 वाल्यांना वेगळे पैसे न घेता दिलं, तेव्हा मीही दोन बॉट बनवले. एक अजून चालतोय. कसा, ते विचारू नका.

आता एआय. ऑक्टोबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने आणि जानेवारी 2025 मध्ये ओपनएआयने स्क्रीन पाहून माऊस-कीबोर्ड चालवणारी मॉडेल आणली. बटण सरकलं तरी ती शोधू शकतात. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमुळे मॉडेलला आपली साधनं जोडायची एक सामाईक पद्धत मिळाली. झॅपियर, मेक, एनएटएन या फ्लो बनवायच्या साधनांत सगळीकडे एआयची पायरी टाकता येते. हे मी वापरते, आवडीने वापरते.

पण नियमावर चालणारी पायरी कॉलम सापडला नाही की थांबते. एआयची पायरी थांबेलच असं नाही. बिलावरची तारीख पुसट असेल तर ती शेजारची देय तारीख उचलून तिथे भरेल, आणि फेरीच्या नोंदीत हिरवी खूण येईल. ती हिरवी खूण पाहिली की मला 'काम पूर्ण झाले' ही जुनी चौकट आठवते.

म्हणून आमच्याकडे एआय फक्त बिल वाचतं. ओळींची बेरीज अधिक कर म्हणजे एकूण रक्कम येते का, ते एक साधं सूत्र तपासतं. तारखेलाही एक नियम आहे: बिलाची तारीख आणि देय तारीख एकच आली की बिल माणसाकडे. मंजुरीची पायरी काढून टाका असं दोनदा सुचवून झालंय, मी काढू दिलेली नाही. मात्र सुरुवातीला मी सगळीच बिलं मंजुरीला पाठवायचे, दिवसाला चाळीसेक. साहेब न वाचताच 'मंजूर' दाबायचे. म्हणजे तेही 'रिझ्यूम नेक्स्ट'च! आता गडबडीची तेवढी चार-पाच जातात. ती ते वाचतात, परवा एक परतही पाठवलं.

एक दुखणं मात्र तसंच आहे. फ्लो बनवतो एक जण, आणि त्यातल्या मेलच्या, शीटच्या जोडण्या त्याच्याच अकाउंटवर असतात. माणूस गेला, अकाउंट बंद झालं, की जोडण्या तुटतात. आज मोजलं, आमच्या विभागातले अकरा फ्लो माझ्या नावावर आहेत. ते सामाईक अकाउंटवर हलवायची विनंती टाकून तीन आठवडे झाले. साहेबांच्या मंजुरीसाठी पडून आहे.