केळशी ते हर्णै, व्हाया भरती

रेवसपासून रेडीपर्यंतची सगळी किनारपट्टी दर हिवाळ्यात थोडी थोडी पायी पालथी घालायची, असं आमच्या ग्रुपनं ठरवलंय. ठरलं तेव्हा मी एका लग्नाला गेलो होतो, आणि आमच्यात गैरहजर माणसाचा होकार धरतात. यंदाची सुरुवात केळशी ते हर्णै. "घाट नाही, चढ नाही, सगळं सपाट," असं आमच्या म्होरक्यानं ग्रुपवर टाकलं आणि पुढे लाटेचं चित्र चिकटवलं.

मुहूर्तही त्यानंच काढला: पौर्णिमा. का, तर आदल्या रात्री पुळणीवर चांदण्यात फिरता येईल. (चांदणं पडलं तेव्हा हा साडेआठलाच घोरत होता.) जेवताना घरचे काका सोलकढी वाढता वाढता म्हणाले, "उद्या पुनव. पंधराची पाऊणपट किती?"

भाताच्या दुसऱ्या वाढीला पाऊणकी विचारणारा यजमान मला आजवर भेटला नव्हता. सगळे पानात बघू लागले.

"सव्वाअकरा," काकांनीच सोडवलं. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. सव्वाअकराच्या सुमारास पाणी भरणार, त्यात उद्या उधाण. अष्टमीला यायचं होतंत. सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाला भरती, मधे पुळण तुमचीच."

म्होरक्यानं सकाळी मोबाइलवर भरतीचं ॲप उघडलं. त्यातही वेळ जवळपास तीच निघाली. काकांना मात्र रेंज लागली नव्हती.

सातला निघालो तेव्हा ओहोटी होती आणि समुद्र इतका लांब, की त्याचं आपल्याकडे लक्षच नसावं असं वाटत होतं. ओली वाळू घट्ट, सुरूच्या बनातून गार वारा. अर्धा तास मी म्होरक्याला मनातल्या मनात माफही केलं. मग कळलं की पुळण दिसते सपाट, पण असते उतरती. दक्षिणेकडे चालताना समुद्र उजव्या हाताला, म्हणून उजवा पाय कायम दोन बोटं खाली. थोड्या वेळानं माझी उजवी कंबर डाव्या कंबरेशी बोलेनाशी झाली. वर सरकावं तर कोरड्या वाळूत घोटा रुततो, खाली सरकावं तर लाट बुटात येते. बूट काढावेत तर शिंपले. मधल्या पट्ट्यात खेकड्यांनी वाळूच्या बारीक बारीक गोळ्यांची सुरेख नक्षी काढून ठेवलेली. ती तुडवायची नाही, असं आमच्यातल्या निसर्गप्रेमी बाईंनी बजावलं. मग चालायचं कुठून?

पुळण संपली आणि समोर उटंबरचा डोंगर उभा राहिला. "चढ नाही म्हणाला होतास ना?" "हा चढ नाही, रस्ता आहे," म्होरक्या म्हणाला.

रस्त्यावर आणखी एक ताप. कोकणात कुणी चालताना दिसला की त्याच्यावर संकट आलंय असं धरतात. टेम्पो थांबला, सहा आसनी थांबली, हात न करता एस्टीसुद्धा थांबली. पुण्यात हात करून करून खांदा निखळतो तरी थांबत नाही. प्रत्येकाला "नको, चालतोय" सांगायचं आणि प्रत्येकानं "का?" विचारायचं. अखेर एका आजींनी विचारलं, "नवस आहे का?" मी तत्काळ हो म्हणालो. पुढचे सगळे प्रश्न मिटले, शिवाय आजींनी बसवून कोकम सरबत पाजलं. नवस कुणाचा, हे निसर्गप्रेमी बाई विचारत राहिल्या.

आड्याची खाडी पुलावरून ओलांडून आंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. काकांचा समुद्र वेळेवर हजर होता. नकाशात दाखवलेली रुंद पुळण त्यानं गिळलेली, आणि राहिलेल्या चिंचोळ्या पट्टीवर आम्ही पाठीवर पिशव्या घेऊन एका रांगेत. एक लाट गुडघ्यापर्यंत आली. दुसरीनं माझी डाव्या पायाची चप्पल (बूट केव्हाच पिशवीला टांगले होते) नेली, विचार केला, आणि परत आणून दिली. माझ्या मापाची तिलाही नको होती.

मग कड्यावरचा गणपती. देऊळ पूर्वी खाली किनाऱ्याशी होतं, समुद्र आत सरकू लागला तेव्हा गणपती टेकडीवर गेले, असं सांगतात. चढताना उमटलेलं त्यांचं पाऊलही खडकावर दाखवतात. खुद्द देवानं भरतीला कंटाळून जागा बदलली, आणि आमचा म्होरक्या ॲप बघत बसला होता! वरून सुवर्णदुर्ग दिसतो. १७५५ साली तो घ्यायला कमोडोर जेम्स आला, तोही गलबतातून. केळशीहून चालत यायची बुद्धी इंग्रजालाही झाली नव्हती.

हर्णैला पोचलो तेव्हा मासळीचा लिलाव रंगात आला होता. होड्या पाण्यात उभ्या, आणि मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या थेट लाटांत शिरलेल्या. एका गाडीत टोपल्यांमध्ये सुरमई ऐसपैस पहुडली होती. मी गाडीच्या मागच्या फळीला हात टेकून जरा उभा राहिलो.

"बसायचंय का?" गाडीवाल्यानं विचारलं.

म्होरक्या मागून ओरडला, "नाही नाही, आम्ही चालतोय!"

गाडीवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एक टोपली बाजूला सरकवली.