टाकीत गोगलगाय दिसली म्हणून तांब्याचं औषध घालू नका

पुण्यातल्या फिशटँकवाल्यांच्या ग्रुपवर एक निरोप फिरतोय: झाडांच्या टाकीत गोगलगाय दिसली की झाडं संपली, लगेच तांब्याचं औषध घाला. कृपया घालू नका.

रॅम्सहॉर्न, ब्लॅडर, मलेशियन ट्रम्पेट या छोट्या गोगलगायी धडधाकट पानाला सहसा तोंड लावत नाहीत. त्या शेवाळ, माशांचं उरलेलं खाणं आणि कुजकी पानं खातात. परवा रात्री कोथरूडच्या घरी टॉर्च लावून बघत होतो. वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीच्या पानाचं पिवळं पडलेलं टोक एक रॅम्सहॉर्न खरवडत बसली होती. हिरव्या भागावरून मात्र नुसती सरकत पुढे गेली. पानाला भोक पडलं की आळ तिच्यावर येतो, पण बऱ्याचदा पोटॅशियम कमी पडलेलं असतं.

तांब्यानं गोगलगायी मरतात हे खरं. पण टाकीतल्या कोळंब्याही मरतात, शिवाय एकदम मेलेल्या गोगलगायी कुजून अमोनिया वाढतो आणि मासे जातात. संख्या वाढली असेल तर खाणं कमी टाका. रात्री काकडीची चकती ठेवा, सकाळी तिला चिकटलेल्या गोगलगायींसकट उचला.

निरोपात तथ्य एवढंच की पोमॅशिया कॅनालिक्युलाटा ही अ‍ॅपल स्नेल खरोखर झाडं फस्त करते. नवीन घ्यायची तर नेराइट घ्या: काचेवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी घालते, पण गोड्या पाण्यात तिची पिल्लं वाढत नाहीत.

आणि जास्तीच्या गोगलगायी मुठा नदीत किंवा पाषाण तलावात अजिबात सोडू नका.