बाराबंदीला कुठला रंग?

"जाड कागद मशिनीत अडकतंय ओ," हे वाक्य ऐकल्याशिवाय सोलापुरात रेघा छापून रंगीत पेन्सिलींनी रंगवायच्या घरगुती भेटकार्डाचा शुभारंभ होत नाही. आपण गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी मोठ्या उत्साहाने ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा) कागद घेऊन झेरॉक्सच्या दुकानात उभे राहतो आणि तो मालक कागदाला बोट लावून आपल्याकडे कीव करून बघतो. पंचाईत अशी की त्याचं बरोबर असतं. मशीनच्या आत कागदाला वळणं घ्यावी लागतात, आणि इतका जाड कागद वळायला तयार नसतो. २०० जीएसएमचा न्यावा, बाजूच्या ट्रेमधून एकेक घालायला सांगावं आणि मागे रांग वाढली तरी चेहरा कोरा ठेवावा. चकचकीत कागद मात्र फुकट दिला तरी घेऊ नये. त्यावर रंगीत पेन्सिल नुसती घसरते. कागदाला थोडा खरखरीतपणा हवा, म्हणजे पेन्सिलीतल्या मेणाला अडकायला जागा मिळते.

पुढचं संकट पाठपोट छपाईचं. आडव्या ए-फोरवर उजव्या अर्ध्यात चित्र आणि मागच्या बाजूला मजकूर, इतकं सरळ प्रकरण. पण कागद आखूड कडेवर उलटायचा की लांब कडेवर, हे सांगायचं राहिलं की झालं. आडव्या कार्डाला आखूड कड. लांब कडेवर उलटला, तर वर सिद्धेश्वराचं देऊळ सुलट आणि आत 'तिळगूळ घ्या, गोड बोला' शीर्षासनात. आधी साध्या कागदावर एक प्रत काढावी, मग जाडाला हात लावावा.

चित्राच्या बाबतीत लोक फोटो निवडतात, आणि तळ्यातल्या देवळाच्या फोटोत सावल्यांचे काळेकुट्ट पट्टे असतात. लेझर प्रिंटरची काळी पूड म्हणजे वितळवून बसवलेलं प्लास्टिक. त्यावर पेन्सिल दाबा, रगडा, नवस बोला, रंग चढत नाही. म्हणून रेघांचं चित्र घ्यावं आणि तेही फिकट, साधारण ३५ टक्के करडं, छापून घ्यावं. रेघ ठसठशीत राहिली तर आपण काय रंगवलं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. इंकजेटवर छापलं असेल तर घामेजलेला तळवा रेघांवर टेकू देऊ नये, हाताखाली रद्दी कागद ठेवावा.

आता खरी परीक्षा. सोलापूरकर संक्रांतीच्या कार्डावर काढणार काय, तर नंदीध्वज, म्हणजे यात्रेत मिरवणाऱ्या उंच काठ्या, आणि ते पेलणारे मानकरी. मानकऱ्यांची बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा, पांढरी. कागद पांढरा. आणि चोवीस पेन्सिलींच्या पेटीत पांढरी एकच, वर्षानुवर्षं टोकदार, कारण तिचं काय करायचं हे पेटी घेणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ती बाराबंदीवर फिरवू नये. आधी पांढरी घासली की मेणाचा थर बसतो आणि वरचा रंग धरत नाही. बाराबंदी कोरीच सोडायची. चुण्यांच्या खोबणीत फिकट निळा आणि करडा, अगदी हलक्या हाताने. मागची गर्दी थोडी गडद केली की मानकरी आपोआप उजळतो. पांढऱ्या पेन्सिलीचा मान शेवटी: फेटे, देऊळ, पाणी यांचे थर चढल्यावर तिने दाबून घासलं की कागदाचे पांढरे ठिपके बुजतात आणि रंग एकजीव होतात. मग मात्र वर आणखी रंग चढवायचा हट्ट सोडायचा, कारण कागदाचा खरखरीतपणा तोवर संपलेला असतो.

रंग हलक्यापासून गडदाकडे, तीन-चार थरांत. पहिल्याच थरात जोर लावणारा माणूस हॉटेलात पहिल्याच भाकरीवर पोट भरणाऱ्यासारखा, पुढचं काही त्याच्या नशिबी नाही. गडद जागी काही दिवसांनी पांढरट धूर दिसला, तर ती बुरशी नव्हे, वर आलेलं मेण असतं. मऊ सुती कापडाने पुसावं. इथे गावाचा अभिमान बाजूला ठेवून टर्किश टॉवेल टाळावा आणि जुन्या धोतराचा तुकडा घ्यावा. एप्रिल-मेच्या उन्हात मेण इतकं मऊ पडतं की रंगाचे गोळे होतात, तेव्हा संक्रांतीचा मुहूर्त पेन्सिलींच्या दृष्टीनेही उत्तम.

घडी घालताना कागदाचा सूड सुरू होतो. कागदाला धागा असतो. ए-फोरमध्ये तो बहुधा लांबीच्या दिशेने जातो आणि आपली घडी नेमकी त्याला आडवी येते, म्हणून कडा फाटल्यासारखी दिसते. आधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबावी आणि खोबण बाहेर राहील अशी घडी घालावी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. घडीच्या दोन्ही बाजूंना तीन-चार मिलिमीटर रंग लावू नये. मेण तिथे तडकतं. शुभेच्छाही कोऱ्या जागीच लिहाव्यात, मेणावर जेल पेन चालत नाही.

चित्र वेगळं छापून चिकटवायचं असेल तर दुहेरी टेप. पातळ डिंकाने कागद असा फुगतो की देवळाला घाट पडतो.

राहिलं पोस्ट. २५० जीएसएमचा अख्खा ए-फोर सुमारे १५.६ ग्रॅम भरतो. त्यात घरी केलेला सात-आठ ग्रॅमचा लिफाफा आला की पत्राचा २० ग्रॅमचा टप्पा ओलांडला. वर टिकल्या चिकटवल्या असतील तर विचारूच नका. अर्धाच कागद, म्हणजे ए-फाइव्ह, घेऊन त्याची घडी घातली तर हे सगळं टळतं. नाहीतर गावातल्या गावात हातोहात द्यावं. काकू उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, "कितीला मिळालं ओ?" कार्ड फारच सुबक झालं की हा प्रश्न ठरलेला. मग ते उजेडात तिरपं धरून पेन्सिलीचे ओरखडे दाखवावे लागतात. तेवढा वेळ मिळतोच असं नाही, कारण तोवर काकूंनी त्यावर तिळगुळाची वाटी ठेवलेली असते.