‘स्वतःचे ॲप का नाही?’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या दहावी गणिताच्या ई-सरावपुस्तकाला आपण दोन तारे दिले आहेत. पुस्तक फोनवर थेट उघडले नाही, त्यासाठी वेगळे रीडर ॲप घ्यावे लागले, पाने छापील प्रतीसारखी दिसत नाहीत, आणि ‘इतर कंपन्या रंगीत ॲप देतात, लातूरच्या प्रकाशकाला एवढेही जमू नये का,’ अशी आपली तक्रार आहे. जमले असते, ॲप करून देणारे लातुरातही आहेत. ते न करण्याचा निर्णय आम्ही समजून-उमजून घेतला आहे.

हे पुस्तक ईपब या ई-पुस्तकांच्या खुल्या मानकात, म्हणजे कोणालाही वापरता येणाऱ्या ठरावीक फाईल-रचनेत आहे. 2007 साली आलेले हे मानक वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडे 2017 पासून असून त्याचा तपशील कोणालाही विनामूल्य वाचता येतो. त्यामुळे ही पुस्तके उघडणारी ॲप अनेकांनी तयार केली आहेत व त्यांतील कित्येक फुकट मिळतात. एक बंद पडले तर दुसरे घेता येते. पुस्तक एकाच कंपनीच्या ॲपमध्ये अडकलेले असेल, तर कंपनीने गाशा गुंडाळताच तेही हातचे जाते. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. आमच्यासारख्या लहान प्रकाशकाने ॲप बंद केले, तर पैसे परत मिळण्याचीही खात्री कोणी धरू नये.

पाने छापील प्रतीसारखी दिसत नाहीत, कारण मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडला जातो. समीकरणे चित्रे म्हणून न चिकटवता मॅथएमएल या गणित लिहिण्याच्या संगणकीय भाषेत लिहिली असल्याने अक्षर मोठे केले तरी ती धूसर होत नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेतांक देणाऱ्या पद्धतीत आहे. ‘वर्गसमीकरण’ शोधले की तो शब्द जिथे जिथे आहे तिथे सापडतो. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या पीडीएफमधून हाच शब्द कॉपी केला तर बहुधा रोमन अक्षरांचा गोंधळ हाती येतो, आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या, अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरलाही तोच गोंधळ वाचावा लागतो.

आणखी एक कारण आपल्याच भागातले आहे. गळीत हंगाम सुरू झाला की बीड, धाराशिवकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. फडावर नेटवर्क असेलच असे नाही, आणि फोन बहुतेक वेळा वडिलांचा असतो. एकदा उतरवून घेतलेली फाईल तिथे लॉगिन न मागता उघडते. फोन बदलला तर ब्लूटूथने नव्या फोनवर घेता येते. फाईलला कुलूप नसल्याने ती व्हॉट्सॲपवरही फिरते, हे आम्हाला ठाऊक आहे. ते नुकसान आम्ही धरून चाललो आहोत.

आपल्याला छापील मांडणीच हवी असल्यास खरेदीच्या त्याच लिंकवर पीडीएफ प्रतही ठेवलेली आहे, तिचे वेगळे पैसे नाहीत. पीडीएफ हेही 2008 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. मात्र लहान फोनवर प्रत्येक ओळ बोटाने सरकवून वाचावी लागेल.